बस वीस मिनिटं येत नाही आणि मग एकदम तीन येतात, असं का होतं?

प्रश्न असा आहे की मुंबईसारख्या शहरात बस वीस-वीस मिनिटं येत नाही आणि आली की एकामागे एक तीन येतात, हे ड्रायव्हर लोक मुद्दाम करतात का, आणि सरळ हजार-दोन हजार नवीन गाड्या घेतल्या तर प्रश्न सुटणार नाही का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर, थोडाफार सुटेल पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल एवढंच की सत्तावीस वर्षं बसच्या ट्रॅफिक खात्यात काढली. कंडक्टर म्हणून लागलो, तेव्हा तिकिटाचा ट्रे आणि पंच होता, मशीन नंतर आलं. मग स्टार्टर, म्हणजे टोकावरून गाड्या वेळेवर सोडणारा, मग इन्स्पेक्टर, आणि शेवटची नऊ वर्षं शेड्यूल बनवणाऱ्या टेबलावर. मुंबई महानगरात बेस्ट आहे, शिवाय ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर, वसई-विरार असे पालिकांचे वेगवेगळे उपक्रम आहेत, त्यातल्या कुठल्या एकात होतो ते महत्त्वाचं नाही, रस्ता सगळ्यांना सारखाच.

तर आधी तीन गाड्यांचं. समजा दर दहा मिनिटांनी गाडी आहे. आठची सुटली, आठ दहाची सुटली, आठ वीसची सुटली. आठची गाडी एका शाळेच्या गेटपाशी अडकली, चार मिनिटं गेली. फक्त चार. पण पुढच्या स्टॉपवर तिची वाट बघणारी माणसं आता दहा मिनिटांची नाही, चौदा मिनिटांची जमलीत. मिनिटाला दोन माणसं धरली तर वीसच्या जागी अठ्ठावीस. एकेक माणूस चढायला तीन सेकंद, म्हणजे त्या स्टॉपवर आणखी पंचवीस सेकंद गेली, आणि असे पुढे वीस स्टॉप आहेत. गाडी जितकी उशिरा तितकी माणसं जास्त, माणसं जास्त तितकी ती आणखी उशिरा. आणि मागच्या आठ दहावाल्याचं उलटं, त्याला स्टॉपवर माणसंच मिळत नाहीत कारण पुढच्याने सगळी उचलली, तो डबल बेल मिळाली की सुटतोय, धावत धावत पुढच्याच्या शेपटीला येऊन चिकटतो. थोड्या वेळाने आठ वीसवालाही येऊन मिळतो. झाली तुमची वरात. पहिली गाडी पायरीवर लटकलेली, दुसरी अर्धी, तिसरी रिकामी, आणि स्टॉपवर उभा असलेला माणूस म्हणतो हे तिघे कुठल्यातरी टपरीवर चहा पीत बसले होते. यात चूक कुणाचीच नाही हो. गाड्या सारख्या अंतराने सोडल्या तरी त्या आपोआप गोळा होतात, त्यांना सुटं ठेवायलाच माणूस लागतो. तो माणूस म्हणजे स्टार्टर आणि रस्त्यावरचा इन्स्पेक्टर.

आता हे सोडवायचं कसं, तर जे करायला पाहिजे ते सगळं प्रवाशाला चीड आणणारं आहे. मागच्या गाडीला मध्ये कुठेतरी तीन-चार मिनिटं थांबवून ठेवायची. आत बसलेला माणूस ओरडणारच, रस्ता मोकळा आहे आणि तुम्ही थांबलात कशाला. किंवा उशिरा झालेल्या पहिल्या गाडीला शेवटपर्यंत न नेता दोन किलोमीटर आधीच वळवायची, म्हणजे उलट्या बाजूची तिची फेरी वेळेवर सुटते. त्या गाडीतल्या पंधरा जणांना खाली उतरवून मागच्या गाडीत बसवायचं, त्यांच्या शिव्या खायच्या, आणि पलीकडच्या टोकाला जे दीडशे जण वेळेवर गाडी मिळाली म्हणून सुखात गेले त्यांना कळतही नाही की आपल्यासाठी कुणीतरी शिव्या खाल्ल्या. मी स्वतः बसच्या चौकीच्या दारात उभा राहून हे इतक्या वेळा केलंय की नंतर नंतर लोकांच्या तोंडाकडे न बघता घड्याळाकडे बघायची सवय लागली. आता गाड्यांना जीपीएस आहे, कंट्रोल रूममधे स्क्रीनवर सगळं दिसतं, पण दिसणं वेगळं आणि गाडी थांबवायची हिंमत करणं वेगळं. बऱ्याच ठिकाणी स्क्रीन आली आणि टोकावरचा स्टार्टर मात्र कमी केला, माझ्या मते हे उलटं झालं.

आता दुसरा प्रश्न, गाड्या वाढवा. इथे एक साधं गणित आहे जे पेपरात कधी येत नाही. बारा किलोमीटरचा रूट घ्या. गाडी ताशी १५ किलोमीटरने चालली तर एक बाजू ४८ मिनिटं, जाऊन-येऊन ९६, दोन्ही टोकांना मिळून २४ मिनिटं थांबा धरा, एक चक्कर १२० मिनिटांची. दर सहा मिनिटांनी गाडी द्यायची तर १२० भागिले ६, वीस गाड्या. बरोबर? आता तोच रस्ता खोदकाम, पार्किंग, मेट्रोचे बॅरिकेड यांच्यामुळे ताशी १० वर आला. एक बाजू ७२ मिनिटं, जाऊन-येऊन १४४, अधिक २४, झाली १६८. तीच सहा मिनिटांची सेवा द्यायला आता अठ्ठावीस गाड्या लागतात. म्हणजे आठ नवीन गाड्या घेतल्या, त्यांचे फोटो निघाले, नारळ फुटला, आणि स्टॉपवरच्या माणसाला मिळालं काय तर जे आधी होतं तेच. उलट त्याचा प्रवास चोवीस मिनिटांनी लांबला. आणि आठ गाड्या म्हणजे फक्त गाड्या नाहीत, दोन शिफ्टचे ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण धरलं तर एका गाडीमागे पाच-साडेपाच माणसं लागतात, म्हणजे चाळीस-चव्वेचाळीस माणसांचा पगार. रस्ता हळू झाला याचं बिल हे. ते बस उपक्रमाच्या तोट्यात दिसतं आणि मग सगळे म्हणतात बघा हे लोक तोट्यात चालवतात.

म्हणून माझं मत पक्कं आहे, गाड्या किती आहेत हा आकडा विचारूच नका, दिवसात फेऱ्या किती होतात आणि त्यातल्या रद्द किती झाल्या ते विचारा. शिवाय गाडी गाडीतही फरक असतो. मोठी बस, मिडी, मिनी, मोजताना प्रत्येकी एकच धरतात. माणसं मात्र मिनीत निम्मीसुद्धा मावत नाहीत आणि ड्रायव्हर दोघांनाही एकेकच लागतो. गल्लीतून स्टेशनला सोडायला छोटी गाडी उत्तम, पण हायवेच्या रूटवर मोठी काढून छोटी घातली की कागदावर संख्या तीच राहते आणि स्टॉपवर माणसं राहतात.

रनिंग टाइमबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण आयुष्य त्यात गेलंय. रनिंग टाइम म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला कागदावर दिलेली मिनिटं. ती सकाळी सातला वेगळी, साडेनऊला वेगळी, दुपारी वेगळी, संध्याकाळी सातला तर वेगळीच असायला पाहिजे. आम्ही वही घेऊन गाडीत बसायचो, प्रत्येक मोठ्या स्टॉपला टाइम लिहायचो, असं दोन-तीन आठवडे. आणि सरासरी काढून तीच दिली तर फसलात, कारण सरासरी दिली की निम्म्या गाड्या उशिरा पोचणारच. थोडं वरचं धरावं लागतं, दहातल्या आठ गाड्या वेळेत पोचतील एवढं. पण फार सढळ हाताने दिलं तर ड्रायव्हर रेंगाळतो, सिग्नल हिरवा असताना हळू करतो, कारण लवकर पोचला तर बोलणी खातो. हे मधलं कुठेतरी पकडायचं असतं आणि ते वर्षभरात बदलतं, रस्ता खणला की बदलतं, शाळांना सुट्टी लागली की बदलतं, नवरात्रात तर रूटप्रमाणे बदलतं.

एकदा एका साहेबांनी ठरवलं की फेऱ्या वाढवून दाखवायच्या. गाड्या नव्हत्या, माणसं नव्हती, मग काय केलं, एका रूटचा सत्तर मिनिटांचा रनिंग टाइम साठ केला. कागदावर प्रत्येक ड्युटीत जास्त फेऱ्या बसल्या, मीटिंगमध्ये टाळ्या. पहिल्या दिवसापासून गाड्या दहा मिनिटं उशिरा पोचायला लागल्या, टोकाला जो दहा-बारा मिनिटांचा थांबा असतो तो गेला, ड्रायव्हरला लघवीला जायला वेळ नाही, दुसऱ्या फेरीला वीस मिनिटं उशीर, आणि शेवटच्या फेरीच्या आधी ड्युटीची वेळ संपली म्हणून ती फेरी सरळ रद्द. महिन्याभरात आधीपेक्षा कमी फेऱ्या झाल्या. मग गुपचूप परत सत्तर केला. त्यावर कुणी काही बोललं नाही, मीही नाही बोललो, पेन्शनची वर्षं जवळ होती.

टोकाचा थांबा लोकांना आळस वाटतो, रिकामी गाडी उभी दिसते ना. तो आळस नाही, ती उशी आहे. येताना झालेला उशीर तिथे जिरतो म्हणून पुढची फेरी वेळेवर सुटते. उशी काढली की सकाळी साडेआठचा पाच मिनिटांचा उशीर दुपारी दोनपर्यंत गावभर फिरतो. आणि त्यासाठी टर्मिनसला जागा लागते, जी जागा आता प्रत्येकाला बिल्डिंग बांधायला हवी आहे. बाईक पार्किंग झालं, फेरीवाले आले, एक-दोन प्लॅटफॉर्म कमी झाले, मग गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या, त्यामुळे रस्ता अरुंद, त्यामुळे गाड्या आणखी हळू. महिला कंडक्टर आल्यावर तर टॉयलेट नसलेल्या टोकांचा प्रश्न किती गंभीर आहे ते आम्हाला कळलं, आधी कळायला पाहिजे होतं. त्या मुली सकाळी पाणीच पीत नव्हत्या.

माणसांच्या ड्युटीचं गणितही बघा. गर्दी सकाळी साडेसात ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. मधे दुपारी गाड्या अर्ध्या रिकाम्या. आता गर्दीला शंभर गाड्या पाहिजेत आणि दुपारी साठ, तर चाळीस गाड्यांचे ड्रायव्हर दुपारी काय करणार? १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता, तो सांगायचा दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि ड्युटी दोन तुकड्यांत दिली तरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत बारा तासांच्या वर पसरवायची नाही, तुकडेही दोनच. म्हणजे सकाळी सातला आलेल्या माणसाला संध्याकाळी सातला सोडावंच लागायचं, आणि गर्दी तर साडेआठपर्यंत. कायदा बरोबरच होता, दमलेला ड्रायव्हर पन्नास जीव घेऊन चालतो. पण म्हणून शेड्यूल बनवणं म्हणजे शब्दकोडं, इकडचं घर भरलं की तिकडचं रिकामं होतं. त्यात ज्याचं घर बदलापूर किंवा विरारला आहे त्याला सकाळी पाचची पहिली गाडी काढायला डेपोत साडेचारला पोचायचंय, म्हणजे तो रात्री डेपोतच झोपतो. बहुतेक डेपोंत अशी पथारी टाकून झोपणारी माणसं असतात.

गर्दीची आणखी एक गंमत, ती एकाच बाजूने असते. सकाळी स्टेशनकडे गाड्या फुल्ल आणि परत येताना कंडक्टर आणि चार म्हाताऱ्या. म्हणजे गर्दीच्या वेळेसुद्धा अर्धी चक्कर जवळजवळ रिकामी असते. गाडीत उभं राहायला जागा नसते तरी तोटा कसा होतो असं विचारणाऱ्यांनी कधीतरी उलट्या बाजूने प्रवास करून बघावा.

मुंबईत बस मुळात लोकलची धाकटी बहीण आहे. थोरली चालली तर ही चालते. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी गेली आणि शहर त्या रुळांच्या कडेकडेनेच वाढलं. रोजचे ७०-७५ लाख प्रवासी लोकलचे, त्यातल्या कितीतरी जणांना दोन्ही टोकांना बस किंवा रिक्षा लागते. त्यामुळे आमच्या स्टॉपवर माणसं एकेक करून येतच नाहीत, धाडधाड येतात. लोकल आली की जिना ओकतो, तीनशे माणसं एकदम. लोकल वीस मिनिटं बंद पडून सुरू झाली की तीन-चार गाड्यांची माणसं एकत्र, आणि माझ्याकडे शेड्यूलप्रमाणे एकच बस उभी.

लोकल का वाढवत नाही असं पुढचं कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, मी रेल्वेतला नाही पण तीन मिनिटांना एक गाडी जात असताना मधे आणखी गाडी घुसवायला सिग्नलिंग बदलावं लागतं, बारा डब्यांचे पंधरा करायचे तर प्रत्येक प्लॅटफॉर्म लांबवावा लागतो, आणि त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन २०२२ ला सुरू झाली ती त्यासाठीच, लोकल आणि मेल वेगळ्या करायला. आमच्याच भानगडी, फक्त त्यांच्याकडे रूळ स्वतःचे आहेत.

आणि खरा मुद्दा तोच आहे. मेट्रो भारी का वाटते? २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर सुरू झाली, साधारण साडेअकरा किलोमीटर, एकवीस मिनिटांच्या आसपास पोचवते, रोज. रस्त्याने तेवढ्यात तुम्ही साकीनाका बघितला तरी नशीब. डबे एसी आहेत ते ठीक, पण तिच्या वाटेत कुणी डबल पार्किंग करत नाही, हे तिचं खरं भांडवल. बसला तशी वाट दिली तर बसही तशीच चालते, खर्च मेट्रोच्या मानाने किरकोळ. पण आपल्याकडे ते टिकत नाही. पुण्यात २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, केली, लेनमधे बाईक घुसल्या, मग रिक्षा, मग सगळेच, आणि नगर रोडवरच्या बीआरटीचा काही भाग तर नंतर काढूनच टाकला. दिल्लीत २००८ ला केली, गाडीवाले इतके ओरडले की २०१६ मध्ये उखडली. अहमदाबादची २००९ पासून चालू आहे, कारण तिथे लेन मध्यभागी कठड्याने बंद केली, स्टॉपही मधेच, आणि सुरुवातीला नेट लावून पाळली. फरक रंगात नाही, कठड्यात आणि दंडात आहे. रस्त्यावर पिवळा पट्टा मारून लेन होत नसते.

पूर्ण बीआरटी नको म्हणत असाल तर नका करू. मला विचाराल तर प्रत्येक मोठ्या स्टेशनबाहेरचे पाचशे मीटर फक्त सोडवा. माझ्या वहीतला अनुभव हा की सहा-सात किलोमीटरच्या रूटवर जेवढा वेळ वाया जायचा त्यातला मोठा हिस्सा शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमधेच जायचा. शेअर रिक्षाची तिहेरी रांग, मधे फळवाला, एक टेम्पो माल उतरवतोय, आणि त्यात बस. तिथे सकाळी तीन आणि संध्याकाळी चार तास एक हवालदार मनापासून उभा राहिला तर रूटवरच्या दोन-तीन गाड्या वाचतात. एक पैसा भांडवल नाही. आम्ही काही दिवस करून बघितलं होतं, मस्त चाललं, मग बंदोबस्त आला कसला तरी आणि हवालदार गेला तो गेलाच.

तिकिटाबद्दलही विचारतात. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं, एसीला ६, तेव्हा प्रवासी खरोखर वाढले. मे २०२५ मध्ये ते १० आणि १२ झालं. लोक यावरच भांडतात, पण माझा अनुभव असा की नोकरीला जाणारा माणूस पाच रुपयांसाठी बस सोडत नाही, आज सहा मिनिटांत आली आणि उद्या पंचवीस मिनिटांत, यासाठी सोडतो. एकदा दोन वेळा लेटमार्क लागला की तो शेअर रिक्षात बसतो आणि परत येत नाही. स्वस्त तिकीट गरिबाला हवंच, त्यात दुमत नाही, पण त्याचे पैसे पालिकेने किंवा राज्याने रोकडा मोजायला पाहिजेत. बेस्टचं तर पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरला जायचा, नावातच वीज आणि बस दोन्ही आहे, अनेक वर्षं तशी चालली गाडी. तो आधार कमी झाला तेव्हा कळलं की बसला स्वतःचा असा पैसा कधी कुणी दिलाच नव्हता.

आता भाड्याच्या गाड्या, म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर आणि रूट आपला. लोक सरसकट शिव्या घालतात, मी घालणार नाही, कारण एवढ्या इलेक्ट्रिक गाड्या रोख घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. पण करारात पैसे किलोमीटरवर मिळतात ही गोम आहे. किलोमीटरवर पैसे मिळाले की ठेकेदाराला गाडी फिरली म्हणजे झालं, स्टॉपवर थांबली का, मागची पुढची चिकटून धावतायत का, याच्याशी त्याचं काय देणंघेणं? तीन गाड्या चिकटून गेल्या तरी किलोमीटर तिघींचे पूर्ण. लंडनमध्ये बसेस खासगी कंपन्याच चालवतात, पण जिथे गाड्या दाट आहेत तिथे प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त वाट बघावी लागली हे मोजून कंपनीला बक्षीस किंवा कपात होते. हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे, जीपीएसचा डेटा पडलेलाच आहे, फक्त करारात तशी ओळ घालायला पाहिजे आणि मग ती पाळायला पाहिजे, दुसरं जास्त कठीण.

इलेक्ट्रिकचं एक सांगायचं राहिलं. डिझेलची गाडी रात्री दहा मिनिटांत भरून उभी करता येते. इलेक्ट्रिकच्या शंभर गाड्या रात्री एकदम चार्जिंगला लावल्या तर डेपोला स्वतःचं सबस्टेशन लागतं आणि जागा जास्त लागते. दिवसभराची फेरी एका चार्जिंगमध्ये बसली नाही की दुपारी ती गाडी डेपोत रिकामी आणायची, ते फुकटचे किलोमीटर. पण दुपारी नाहीतरी गर्दी नसते, शेड्यूलवाल्याने डोकं लावलं तर ते बसवता येतं. धूर नाही, आवाज नाही, इंजिनाची गरमी नाही, ड्रायव्हर खूश असतात. आमच्या वेळच्या गाडीत बॉनेटशेजारी बसून मे महिना काढलेल्या माणसालाच विचारा.

ॲपवर गाडी दोन मिनिटांवर दिसते आणि येतच नाही, हेही होतं. बऱ्याचदा ती गाडी मधूनच वळवलेली असते, मी वर सांगितलं तशी, आणि सिस्टीममध्ये कुणी ते टाकत नाही. किंवा सिग्नल गेला आणि ॲप जुन्या अंदाजावर चाललंय. नकाशावर गाडीचा ठिपका हलतोय का ते बघा, दोन मिनिटं एकाच जागी असेल तर रिक्षा बघायला हरकत नाही. आणि भरलेली गाडी आली आणि ॲपवर मागे लगेच दुसरी दिसत असेल तर पहिली सोडा, लटकू नका. मागची रिकामी असते, का ते आता तुम्हाला माहीत आहे.

शेवटच्या गाडीचा नियम मात्र वेगळा. दिवसभर उशिराने नुकसान होतं, पण रात्रीची शेवटची गाडी एक मिनिटही लवकर सोडायची नाही, उशिरा गेली तरी चालेल. मी स्टेशनच्या चौकीत असताना शेवटची लोकल हमखास लेट यायची, आणि ड्रायव्हर गाडी चालू करून आरशातून जिन्याकडे बघत बसलेला असायचा. लॉगशीटवर उशिराचं कारण लिहावं लागतं. मी "प्रवासी चढत होते" असं लिहायचो, रोज तेच. एकदा वरून विचारणा आली की रोज रात्री याच वेळी प्रवासी कसे काय चढतात.